ल्युअरची भिंत, पाण्याच्या खोलीप्रमाणे

प्रस्तावना

अमेरिकेतल्या मासेमारीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात ल्युअरची एक भिंत असते. गुडघ्यापासून डोक्याच्या वर हात पोचेल तिथवर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर पारदर्शक डब्यांत लाकडाचे नाहीतर प्लॅस्टिकचे मासे. भिंत कंपनीवार लावलेली असते, कंपनीखाली रंगवार. एकच मासा वीस-वीस रंगांत. नवखा माणूस तिच्यासमोर येतो, डोळ्यांत भरतील ते तीन-चार उचलतो आणि चाळीस-पन्नास डॉलर मोजून बाहेर पडतो. घरी येऊन नीट बघितलं तर पुष्कळदा ते चारही पाण्यात एकाच खोलीवर पोहणारे निघतात. त्या दिवशी बास मासा त्या खोलीवर असला तर चारातला कुठलाही चालला असता; नसला तर चारही फुकट.

हे छोटं पुस्तक म्हणजे त्या भिंतीची फेरमांडणी आहे. कंपनी आणि रंग बाजूला ठेवून ल्युअर पाण्याच्या खोलीप्रमाणे लावायचे: सगळ्यात वर पृष्ठभागावर चालणारे, मग हातभर खालचे, मग कमरेएवढ्या पाण्यातले, मग तळ गाठणारे. एवढं केलं की शेकडो डब्यांतून पाच उरतात आणि पहिलं वर्ष त्या पाचांवर आरामात निघतं.

पुस्तक मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या अनेक मराठी घरांजवळ एखादं तळं असतं. टाउनशिपच्या बागेतलं, नाहीतर वसाहतीचं पावसाचं पाणी साठवायला खणलेलं. त्यात बास असण्याची शक्यता चांगली असते. मुलं शाळेतल्या मित्रांबरोबर तिथे जाऊन येतात, रॉड मागतात आणि आईबाबांपैकी कुणाला तरी शिकावं लागतं. त्यांतल्या काहींनी लहानपणी गावच्या नदीवर गळ टाकलेला असतो. बांबूची काठी, गांडूळ किंवा कणकेची गोळी आणि तरंगत्या बुचावर नजर. तो अनुभव इथे कामी येतो, पण अर्धाच. गांडुळाला वास असतो, चव असते. ते एका जागी सोडून माशाची वाट बघता येते. लाकडाच्या-प्लॅस्टिकच्या हार्ड ल्युअरला यातलं काहीच नाही. त्याचं सगळं सोंग हालचालीचं, त्यामुळे माशाला शोधत आपणच फिरायचं. काठावरची एक जागा, तिथून पंख्यासारखे पाच-सहा कास्ट, म्हणजे ल्युअरच्या फेकी, मग दहा पावलं पुढे. ज्यांना एका जागी बसवत नाही अशा मुलांना हे लगेच आवडतं.

आधी मासा कोण ते सांगायला हवं. लार्जमाउथ बास सनफिशच्या कुळातला, म्हणजे तळ्यात सगळीकडे दिसणाऱ्या चपट्या ब्लूगिलचा भाऊबंद. हिरवट अंग, कुशीवरून काळसर पट्टा आणि जबडा इतका मोठा की त्याची मागची कड डोळ्याच्याही मागे जाते. तो पाठलाग करून दमणारा मासा नव्हे. बुडालेल्या झाडाच्या, पाणवनस्पतीच्या किंवा होडीच्या धक्क्याच्या आडोशाला तो दबा धरून असतो आणि टप्प्यात आलेल्यावर झडप घालतो. ब्लूगिलची पिल्लं, शॅड मासे, खेकड्यासारख्या नांग्यांचा क्रॉफिश, बेडूक, सगळं त्याला चालतं. त्याचा चुलतभाऊ स्मॉलमाउथ थोडा तपकिरी. त्याला थंड, स्वच्छ पाणी आणि दगडगोटे आवडतात. नेहमी लागणारा बास पौंड-दोन पौंडांचा. विक्रमाची गोष्ट वेगळी: 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकवर जॉर्ज पेरीनं 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ धरला, तोही क्रीक चब कंपनीच्या लाकडी ल्युअरवर असं मानतात. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं त्याहून किंचित जड मासा काढला. पण जुना विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज दोघांची नावं बरोबरीनं लागतात.

आता भिंत, वरून खाली.

पृष्ठभागावरच्या ल्युअरचं श्रेय जेम्स हेडनला देतात. मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी तळ्याकाठी बसून तो लाकूड तासत होता; तासलेला तुकडा त्यानं सहज पाण्यात भिरकावला आणि बासनं तो उडवला, अशी आख्यायिका आहे. गोष्ट खरी असो वा सजवलेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेडननं लाकडी बेडूक कोरले आणि पुढे त्याच गावात मोठा कारखाना उभा राहिला. या थरासाठी आपल्या यादीत एक पॉपर आहे. त्याचं तोंड आत खोलगट असतं. रॉडचं टोक हलकेच खाली झटकलं की ते पाणी गिळल्यासारखा ‘पॉक’ आवाज करतं. मग थांबायचं. पाण्यावरची वलयं विरेपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा एक झटका. उन्हाळ्यातली पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस, वारा पडलेला, ही त्याची वेळ. नवख्यांचा मासा इथे एकाच कारणानं सुटतो: पाणी उसळलं की दचकून रॉड ओढला जातो आणि ल्युअर माशाच्या तोंडातून निसटून आपल्याच दिशेनं उडत येतो. उसळी डोळ्यांना दिसली तरी हाताला वजन लागेपर्यंत ओढायचं नाही.

त्याखालचा थर लौरी रापालाचा. फिनलंडमधल्या पायान्ने सरोवरावर जाळी आणि गळ टाकून पोट भरणाऱ्या या माणसाला दिसलं की लहान माशांच्या थव्यावर मोठा मासा तुटून पडतो तेव्हा तो जखमी, थोडा वाकडा पोहणारा मासा हेरतो. 1936 मध्ये त्यानं बुचाच्या सालीतून तसा वाकडा पोहणारा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. ऑगस्ट 1962 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकानं त्यावर लेख छापला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मॅरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक घरोघर गेला आणि फिनलंडमधल्या कारखान्याला अमेरिकेच्या मागण्या पुऱ्या करणं अशक्य झालं. आजचा जर्कबेट त्याच घराण्यातला. आपल्या यादीत चारेक इंचांचा सस्पेंडिंग जर्कबेट आहे. सस्पेंडिंग म्हणजे थांबवला की वर येत नाही, बुडत नाही, आहे तिथेच राहतो. तो दोन झटके खातो आणि मग निश्चल. पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे दहा सेल्सिअसच्या आसपास असेल तर हा मुक्काम पाच-दहा सेकंदांचाही असू शकतो आणि मासा बहुधा त्या मुक्कामातच लागतो. थंडीनं सुस्तावलेल्या बासला धावायचं नसतं; समोर लटकलेलं मात्र तो सोडत नाही.

तिसरा थर तीन ते पाच फुटांचा, आणि काठावरून मासेमारी करणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. इथे स्क्वेअर-बिल क्रँकबेट लागतो. हा जरा हातात घेऊन बघा. दोन-अडीच इंचांचं गुबगुबीत अंग, पोटाखाली आणि शेपटीला एकेक ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ. तोंडाखाली बाहेर आलेली कडक पारदर्शक पट्टी, तिला लिप म्हणतात. इथे ती आखूड, पुढून चौकोनी कापलेली आणि अंगाशी बरीच उभी. रील फिरवली की पाणी या पट्टीवर आपटतं, ल्युअर नाक खाली घालतो आणि डावी-उजवीकडे थरथरत निघतो. वाटेत बुडालेलं लाकूड आलं की आधी पट्टी आपटते, ल्युअर कलंडतो आणि दोन्ही गळ पट्टीच्या आडोशाला राहून लाकडावरून पलीकडे जातात. तो आपटून वाकडा होतो त्या क्षणी बास झडप घालतो, म्हणून लाकूड चुकवायचं नाही, मुद्दाम त्यावर न्यायचा. अडकलाच तर जोर लावू नका. लाइन सैल सोडा. हा तरंगणारा ल्युअर आहे, बहुतेक वेळा तो आपोआप मागे सरकून वर येतो. टेनेसीतल्या ओक रिज गावच्या फ्रेड यंगनं 1960 च्या दशकात बाल्सा लाकडातून या वळणाचा ‘बिग ओ’ हातानं कोरला. स्पर्धांमध्ये लोक तो भाड्यानं घेत, असं सांगतात. पुढे कॉटन कॉर्डेलनं तो प्लॅस्टिकमध्ये काढला आणि तो सगळ्यांच्या डब्यात गेला.

चौथा ल्युअर मध्यम खोलीचा क्रँकबेट, आठ ते दहा फुटांवर जाणारा. त्याची पट्टी लांब असते आणि नाकाच्या रेषेत सरळ पुढे येते. पट्टी जितकी लांब आणि आडवी तितका ल्युअर खोल, हे एक सूत्र लक्षात ठेवलं की डबीवरचा मजकूर न वाचताही भिंतीवरचा कुठलाही क्रँकबेट ओळखता येतो. होडीवरून, उंच धक्क्यावरून किंवा धरणाच्या भिंतीवरून याचा उपयोग मोठा. उथळ काठावरून मात्र हा नुसता चिखल उकरतो. त्याचं कारण भूमिती आहे. ल्युअर पडल्यापडल्या खोल जात नाही. त्याला उतरायला अंतर लागतं. आपण काठावरून फेकतो तेव्हा तो आपल्याकडे येता येता खाली उतरत असतो आणि तळ मात्र वर चढत असतो. म्हणून काठावरच्या माणसानं डबीवर छापलेल्या खोलीपेक्षा उथळ ल्युअर घ्यावा.

पाचवा ल्युअर लिपलेस, पट्टीच नसलेला. चपटं अंग, पाठीवर लाइन बांधायची कडी, पोटात खुळखुळणारे छर्रे. बिल लुईसनं काढलेला ‘रॅट-एल-ट्रॅप’ हा यातला सर्वांत प्रसिद्ध. अर्ध्या औंसाचा लिपलेस पाण्यात पडला की साधारण सेकंदाला फूटभर बुडतो. मनात तीन मोजून रील फिरवली तर तीन फुटांवर चालतो, सहा मोजून फिरवली तर सहावर. ज्याला तळ्याची खोली ठाऊक नाही त्यानं हाच आधी बांधावा. तळाला टेकेपर्यंत मोजलेला आकडा म्हणजेच खोली. टेक्सासमधल्या सॅम रेबर्नसारख्या जलाशयांवर हिवाळा संपताना लाल रंगाचा लिपलेस पाणवनस्पतींवरून ओढतात. तो वनस्पतीत अडकला की जोराचा झटका देऊन सोडवायचा, आणि सुटून उसळतो तेव्हाच मासा लागतो.

हे पाच ल्युअर एकाच रॉडवर चालवता येतात. सात फुटी, मीडियम ताकदीचा, पण टोकाकडून निम्म्यापर्यंत वाकणारा रॉड घ्या. दुकानदार ताठ, जोरकस रॉड पुढे करील; तो रबरी किड्यांच्या ल्युअरसाठी ठीक. ट्रेबल हुकची टोकं लहान असतात आणि ती माशाच्या तोंडाच्या पातळ कातडीत कशीबशी रुततात. रॉड ताठ असला तर माशाच्या एका हिसक्यात कातडी फाटते आणि गळ निसटतो. रॉड वाकणारा असला तर तो हिसका पोटात घेतो. लाइन दहा-बारा पौंडांची पुरे. मोनोफिलामेंट फार हळू बुडतो, म्हणून पॉपरला चांगला. फ्लुओरोकार्बन लवकर बुडतो, म्हणून क्रँकबेट आणि जर्कबेटला. लाइन जितकी बारीक, तितकं पाणी तिला कमी अडवतं आणि तितका ल्युअर खोल जातो, हेही त्याच हिशोबात धरायचं. रील स्पिनिंग घ्या. बेटकास्टर रील दुसऱ्या वर्षी, गुंता सोडवण्याची हौस असेल तर.

आता रंग. त्यासाठी पुस्तकात सगळ्यात लहान प्रकरण आहे आणि ते मुद्दाम शेवटी आहे. पाणी स्वच्छ असेल तर त्या तळ्यातल्या खाद्यासारखा रंग: शॅडसाठी रुपेरी, ब्लूगिलसाठी हिरवट-नारिंगी. पाणी गढूळ असेल तर भडक, पोपटी-पिवळा आणि काळी पाठ. क्रॉफिश हिंडू लागतात त्या दिवसांत लाल-तपकिरी. एवढ्यावर भागतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासच्या दृष्टीचा अभ्यास केला तेव्हा आढळलं की त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. लाल आणि हिरवा त्याला चांगले ओळखता येतात, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसंच निळा आणि काळा यांत तो गोंधळतो. म्हणजे भिंतीवरच्या वीस छटांतल्या कित्येक त्याच्या लेखी एकच आहेत. त्या छटा कुणासाठी रंगवल्या असतील, हे वाचकाच्या लक्षात येईल.

रंगाहून पाण्याचं तापमान कितीतरी महत्त्वाचं. वसंतात पाणी साठ ते पासष्ट अंश फॅरनहाइटवर आलं की लार्जमाउथ काठाजवळ येतो, नर शेपटीनं तळ साफ करून घरटं करतो आणि अंड्यांची राखण करतो. त्याआधीचे काही आठवडे जर्कबेट आणि लिपलेसचे. विणीनंतर उन्हाळ्यात पहाटे पॉपर आणि दुपारी खोल पाण्यात क्रँकबेट. शरदात शॅडचे थवे ओढ्यांच्या तोंडाशी सरकतात, त्यांच्यामागे बास, आणि तिथे स्क्वेअर-बिल. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा; त्याची किंमत एका ल्युअरहून कमी पडते आणि पाचांपैकी कोणता बांधायचा याचं निम्मं उत्तर त्यातच असतं.

मासा लागल्यावर काय, याचं एक प्रकरण आहे आणि ते आधी वाचावं अशी विनंती आहे. दोन ट्रेबल हुक म्हणजे सहा टोकं. मासा हातात तडफडतो तेव्हा त्याच्या तोंडात एक गळ असतो आणि दुसरा मोकळा, तुमच्या बोटांच्या आसपास. लांब नाकाची पक्कड खिशात, डोळ्यांवर चष्मा आणि कास्ट करण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघणं, या तीन सवयी पहिल्या दिवसापासून. गळाच्या टोकामागचा काटा पकडीनं दाबून बोथट केला तर मासाही लवकर सुटतो आणि माणसाचं बोटही. लायसन्सचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. न्यू जर्सीत 16 ते 69 वयाच्या माणसाला गोड्या पाण्यासाठी लायसन्स लागतं आणि विणीच्या काळात तिथे धरलेला बास लगेच सोडावा लागतो. तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका बघा.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा तळ्यावर येतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो अमेरिकेतही विचारला गेला आहे. रे स्कॉटनं 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली, त्याच वर्षी बास मासेमारांची संघटना काढली आणि 1972 पासून स्पर्धेतले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. कारण हिशोबी होतं. हजारो लोक एकाच जलाशयावर मोठे मासे मारू लागले तर खेळच संपेल. खायचा असेल तर नियमात बसेल तेवढा लहान मासा न्यावा आणि माशातल्या पाऱ्याबद्दल राज्यानं काढलेल्या सूचना आधी बघाव्यात. पण सोडणं हा काही सगळीकडचा धर्म नाही. जपानात 1925 मध्ये कॅलिफोर्नियातून बास आणून आशी सरोवरात सोडले. ते पसरले, स्थानिक मासे फस्त करू लागले, आणि आज तिथे जिवंत बासची वाहतूक कायद्यानं बंद आहे. बिवा सरोवरात तर धरलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी आहे. मासा तोच, पाणी बदललं की नियम उलटे. म्हणून एका तळ्यातला बास बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात कधी सोडू नये, आणि भारतात तर मुळीच नेऊ नये. ल्युअर मात्र जरूर न्यावेत. गोड्या पाण्यातली मरळ पृष्ठभागावरच्या ल्युअरवर झेपावते आणि कोकणातल्या खाडीत जिताडा लहान माशाच्या वळणाच्या ल्युअरला लागतो. तिथे गळ आणि कड्या जाड लावाव्या लागतील, खोलीचा हिशोब तोच.

या पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. रबरी किडे, जिग, स्पिनरबेट यांना इथे जागा दिलेली नाही. रबरी किडा पुष्कळ दिवशी हार्ड ल्युअरपेक्षा जास्त मासे देतो, हे मान्य आहे. पण तो सावकाश चालवावा लागतो, मासा लागल्याची जाणीव बोटांना सूक्ष्म होते, आणि नवख्या माणसाला तळ्याची ओळख त्यातून हळू होते. क्रँकबेट तळाला आपटला की दांडीपर्यंत धक्का येतो. वाळू, दगड, लाकूड यांचे धक्के वेगळे. दोन-चार महिन्यांत काठावरून दिसत नसलेलं तळं पाठ होतं आणि मग पुढे कुठलाही ल्युअर, रबरी असो की कडक, बांधताना तो कुठे टाकायचा हे ठाऊक असतं.

पुस्तक वरून खाली वाचा, पाण्यासारखं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान कोरं ठेवलं आहे. त्यावर तारीख, पाण्याचं तापमान, ल्युअर किती खोल चालला आणि मासा लागला तेव्हा तो चालू होता की थांबलेला, एवढं लिहा. रंग लिहिला नाही तरी चालेल. पाचही ल्युअर एकदम घेऊ नका. आधी लिपलेस, स्क्वेअर-बिल आणि पॉपर, कारण काठावरून ते तिघे बहुतेक तळी निभावून नेतात. जर्कबेट थंडी सुरू होताना घ्या, मध्यम खोलीचा क्रँकबेट होडीत बसायला मिळेल तेव्हा. सात-आठ डॉलरचा ल्युअर पंचवीस डॉलरच्याइतकाच खोल जातो आणि लाकडात तितक्याच सहज अडकतो. पाचातला एखादा तुटला, हरवला, तर तोच आणि त्याच खोलीचा परत घ्या. सहावा पुढच्या वर्षी.